‘बोर्ड गेलाय, सर!’

मंडळी, आज जरा भांडायला बसलो आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, दोन शब्दांशी आहे. ‘बोर्ड गेला’ हे ते दोन शब्द. कॉम्प्युटरच्या दुकानात हे दोन शब्द ज्या सहजतेने उच्चारले जातात, त्या सहजतेने पूर्वी आमच्या गावातला देवऋषीसुद्धा ‘बाहेरची बाधा आहे’ असे म्हणत नसे. तो निदान नाडी धरायचा, डोळ्यांत बघायचा, चार प्रश्न विचारायचा. इथे तेही नाही.

झाले ते आधी सांगतो.

२०२५ चा जुलै. देवरुखचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. चार दिवस झड लागली होती, भिंतींना ओल, कपडे वाळत नव्हते, वीज तासातासाने ये-जा करत होती. संध्याकाळी वीज आली म्हणून कॉम्प्युटर सुरू केला. बटणावरचा दिवा लागला, आतला पंखा घुरघुरला, पण पडदा काळा. कंपनीचे नाव नाही, आकडे नाहीत, विंडोजची खिडकी नाही. मॉनिटरवर क्षणभर ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरे आली आणि मग तोही झोपी गेला. बंद केला, चालू केला, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा केले. मग जे सगळेच करतात तेही केले. डब्याला वरून दोन थापट्या मारल्या. (माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांना हसू आले असेल तर त्यांनी खुशाल हसावे.)

आता त्या डब्यात काय होते ते सांगायला हवे, नाहीतर म्हातारा एका यंत्रासाठी एवढा का तळमळतो आहे असे वाटेल. माझी आई १९९४ साली गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण जात्यावर बसली की ओव्या थांबत नसत. त्या मी वह्यांत उतरवून ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन आणखी मिळवल्या. त्या म्हाताऱ्याही एकेक करून गेल्या. सगळ्या मिळून ६१२ ओव्या युनिकोडमध्ये टंकून ठेवलेल्या. मूळ वह्यांपैकी दोन कौलांतून गळणाऱ्या पाण्यात भिजून लगदा झालेल्या. आणि दुसरी प्रत? नव्हती. पस्तीस वर्षे पोरांना ‘कच्ची वही फेकू नका’ असे बजावणाऱ्या मास्तराने स्वतः कच्ची वही ठेवली नव्हती. ही चूक माझी, आणि ती आधीच कबूल करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून रिक्षाने दुकानात गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी. (नाव लिहीत नाही, गुणी मुलगा आहे.) “सर, तुम्ही पावसात कशाला आलात, फोन करायचा,” म्हणाला. खुर्ची दिली, चहा मागवला. डबा टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या, बटण दाबले, मिनिटभर काळ्या पडद्याकडे बघितले आणि म्हणाला,

“बोर्ड गेलाय, सर.”

“कशावरून रे?”

“नो डिस्प्ले आहे ना.”

“ते मलाही दिसतंय. पण म्हणून बोर्डच गेला हे कशावरून?”

“सर, नो डिस्प्ले म्हणजे नव्वद टक्के बोर्डच असतो.”

मग पुढचा हिशेब. मशीन २०१२ चे. त्या जातीचा नवा बोर्ड आता सहज मिळत नाही. नवा बोर्ड घेतला तर त्यावर जुना प्रोसेसर बसत नाही, जुने रॅमही चालत नाही. म्हणजे सगळेच नवे. बावीस हजार. “आणि माझी ओव्यांची फाइल?” “बघू सर. बहुतेक फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही देता येणार.”

या सगळ्या काळात त्याने डब्याचा एक स्क्रूसुद्धा काढलेला नव्हता.

मी चहा प्यालो आणि डबा घेऊन घरी आलो. माझ्या भांडणाची सुरुवात इथे होते.

पहिला मुद्दा. ‘नो डिस्प्ले’ हे रोगाचे नाव नाही, ते लक्षण आहे. ‘ताप’ हे जसे लक्षण आहे तसे. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, घशाच्या सुजेने येतो आणि कधीकधी उन्हात हिंडल्यानेही येतो. ताप दिसला की ‘फुप्फुस बदला’ असे सांगणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही दुसऱ्यांदा जाल का? पडदा काळा राहण्याची कारणे मॉनिटरच्या वायरीपासून सुरू होतात. वायर सैल असते, मॉनिटर भलत्याच जोडणीवर लावलेला असतो, वेगळे ग्राफिक कार्ड असताना वायर बोर्डाच्या तोंडात खुपसलेली असते, रॅमच्या पट्टीच्या टोकांवर ओलीने मळ धरलेला असतो, पट्टी खाचेत नीट बसलेली नसते, वीज देणारा एसएमपीएस थकलेला असतो, प्रोसेसरला वीज देणारी वेगळी चौकोनी पिन निघालेली असते. सर्वांत शेवटी, बाकी सगळे निर्दोष ठरल्यावर, बोर्ड. बोर्ड जातच नाहीत असे मी म्हणत नाही. जातात. त्यावरची छोटी उभी नळकांडी, म्हणजे कपॅसिटर, फुगतात. विजेच्या दणक्याने जळतात. पण जे नाव यादीत शेवटी यायचे ते पहिले कसे आले, हा माझा प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा त्या ‘फॉरमॅट’चा. याचा मला सर्वांत जास्त राग आला, आणि समजून घेतल्यावर तर तो दुप्पट झाला. बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय होते ते बघा. एसएमपीएस वीज सोडतो आणि ‘वीज ठीक आहे’ असा इशारा बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेल्या सूचना वाचू लागतो. त्या सूचनांना बायॉस म्हणतात. पहिली सूचना असते, स्वतःची तपासणी कर. रॅम आहे का, चालते का, चित्र दाखवण्याची सोय आहे का. या तपासणीला इंग्रजीत पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, थोडक्यात पोस्ट, म्हणतात. ही परीक्षा पास झाली की मगच यंत्र हार्ड डिस्ककडे वळते आणि विंडोज शोधू लागते.

म्हणजे पडद्यावर पहिले अक्षरसुद्धा उमटत नाही, तेव्हा यंत्र अजून डिस्कवरच्या फायलींपर्यंत पोचलेलेच नसते! विंडोज बिघडले आहे की चांगले आहे हे त्याला माहीतच नसते. अशा वेळी फॉरमॅट मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एखादी बिघडलेली डिस्क किंवा यूएसबीला लावलेली एखादी वस्तू सुरुवातीची तपासणी अडवून धरू शकते, हे खरे. पण ते ओळखायचे तर तिची वायर काढून बघायची. तिच्यावरचे पुसून काही कळत नाही. माझ्या आईच्या ओव्या पुसल्या गेल्या असत्या आणि पडदा तरीही काळाच राहिला असता.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो मास्तराच्या तोंडून यायचाच. आपण त्या सबंध डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो. वास्तविक सीपीयू म्हणजे प्रोसेसर, पंख्याखाली दडलेली काडेपेटीहून लहान अशी एक चौकोनी वस्तू. डब्यात तिच्याशिवाय बोर्ड आहे, रॅम आहे, डिस्क आहे, एसएमपीएस आहे. पण सगळ्याला एकच नाव दिले की ‘सीपीयू गेला’ या वाक्यात काय काय गेले ते कळण्याची वाटच बंद होते. ज्याला अवयवांची नावे माहीत नाहीत त्याला कुठे दुखते ते सांगता येत नाही, आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याला कोणीही काहीही सांगू शकतो. शब्द नेमका असण्याची गरज फक्त निबंधात असते असे समजू नका.

असो. डबा घरी आणला खरा, पण पुढे काय? मी मराठी माध्यमातून बीए झालेला, मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. विजेचे ज्ञान फ्यूजची तार बांधण्याएवढे. मदतीला आले ते शेजारचे तात्या. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. सगळी हकीगत ऐकून म्हणाले, “मास्तर, मला हे यंत्र कळत नाही. पण गाडी सुरू होत नसली की आम्ही काय करायचो ते सांगतो. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं का बघायचं. फिरत असेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका. फिरत नसेल तर डिझेलला देऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते लिहून ठेवायचं.”

मंडळी, तर्कशास्त्रावरची जाडजूड पुस्तके मी चाळली आहेत. पण एवढ्या थोडक्यात ते मला कोणी सांगितले नव्हते.

कपाटात बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका सापडली. इंग्रजीत होती. शब्दकोश शेजारी ठेवला आणि दोन संध्याकाळी आम्ही दोघे म्हातारे कामाला लागलो. काय केले ते क्रमाने लिहितो, कुणाला उपयोगी पडले तर पडो. पण आधी तीन पथ्ये. डबा उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढायची, आणि आतले काहीही काढताना-घालताना प्रत्येक वेळी पुन्हा काढायची. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. आणि एसएमपीएसची पेटी कधीही, कोणत्याही कारणाने उघडायची नाही. वायर काढल्यानंतरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहिलेली असू शकते.

प्रथम मॉनिटर. शेजारच्या मुलीचा जुना लॅपटॉप त्याच वायरीने त्याच मॉनिटरला जोडला. चित्र आले. मॉनिटर आणि वायर निर्दोष. वहीत नोंद.

मग हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या, ती कापडात गुंडाळून देवघराच्या फडताळात ठेवली. (तात्या म्हणाले, “आता कोणी फॉरमॅट मारतो म्हणाला तरी कशावर मारणार?”) सीडीचा खण आणि यूएसबीच्या वस्तूही काढल्या. भिंतीतली वायर काढलेली असताना बटण पंधरा सेकंद दाबून धरले, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. जोडले, चालू केले. काळाच. डिस्क निर्दोष. वहीत नोंद.

पंखा फिरत होता म्हणजे वीज येत होती. इथे मी उतावळेपणाने ‘एसएमपीएस निर्दोष’ असे लिहिणार होतो. पण वाचताना कळले की पंखा बारा व्होल्टवर फिरतो, आणि बोर्डाला त्याखेरीज पाच आणि ३.३ व्होल्टही लागतात. म्हणून नोंद केली, ‘एसएमपीएस: संशयित, पुरावा अपुरा’. इतिहासाच्या मास्तराला पुरावा अपुरा म्हणजे काय ते कळते.

त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची. ही यंत्रे बोलतात, पण आपण त्यांची जीभ कापली आहे. तपासणीत काही अडले तर बोर्ड एका छोट्या स्पीकरमधून पीं-पीं असे आवाज काढतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासूनची ही पद्धत. एक छोटा आवाज म्हणजे सारे ठीक. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे चित्राच्या भागात घोटाळा. पुढे निरनिराळ्या बायॉसचे निरनिराळे संकेत झाले, पण तत्त्व तेच. माझ्या डब्यात तो स्पीकरच नव्हता! बोर्डावर त्याची जागा होती, पुस्तिकेत त्याचे चित्र होते, पण डबा बनवणाऱ्याने तेवढे पैसे वाचवले होते. चाळीस रुपयांना तो छोटा स्पीकर मिळाला. पिना पुस्तिकेत बघून लावला. चालू केले. आवाज नाही.

तात्या म्हणाले, “आता त्या पट्ट्या काढा बघू.” रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. रॅमशिवाय यंत्र चालणार नाही हे माहीत होते, तरी चालू केले. आणि डबा ओरडू लागला. लांब पीं, थोडी विश्रांती, पुन्हा लांब पीं.

तात्यांनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्याकडे बघितले. मेलेला माणूस ‘माझी रॅम कुठे आहे’ अशी तक्रार करत नाही. प्रोसेसर जागा झाला होता, बायॉस वाचले गेले होते, बोर्डाने रॅमची चौकशी केली होती आणि ती नाही म्हणून आरडाओरडा केला होता. ज्या बोर्डाचे तेरावे घालायला मी निघालो होतो, तो बोर्ड धडधडीत जिवंत होता.

पुढचे सोपे होते. पट्ट्यांची सोनेरी टोके पोरांच्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसली, रबराचा कीस ब्रशने झाडला. (जाणकार म्हणतात यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल अधिक चांगले. आमच्याकडे खोडरबर होता.) पहिली पट्टी एकटीच बसवली. शांतता. दुसऱ्या खाचेत बसवली. शांतता. ती काढून दुसरी पट्टी बसवली. एक छोटी पीं, आणि पडद्यावर पांढरी अक्षरे. तारीख चुकली आहे अशी तक्रार होती, कारण बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२ नावाचा, तेरा वर्षांत संपलेला. तो तीस रुपयांना मिळाला.

मग डिस्क फडताळातून काढून जोडली. ओव्या होत्या. ६१२ च्या ६१२.

एकूण खर्च सत्तर रुपये. बोर्ड गेलेला नव्हता. रॅमची एक पट्टी गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, एका दुकानदाराचा अंदाज चुकला, त्यावर एवढे रामायण?’ तर नाही. मी त्या मुलावर रागावून हा लेख लिहीत नाही. उलट शांतपणे विचार केला तेव्हा दोषाची बोटे भलतीकडेच वळली.

पहिले बोट आपल्याकडे, गिऱ्हाइकांकडे. त्याने मला दोन तास बसवून हे सगळे केले असते, आणि शेवटी ‘सर, एक पट्टी गेली आहे, तपासणीचे तीनशे रुपये द्या’ असे म्हटले असते, तर आपल्यापैकी किती जणांनी ते मुकाट दिले असते? ‘नुसतं बघायचे तीनशे? काही टाकलं तर नाहीस!’ हे वाक्य मी दुकानांत स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. वस्तूचे पैसे आपण देतो, विचाराचे देत नाही. बावीस हजारांची वस्तू घेताना घासाघीस पाचशेची, आणि तीनशेच्या अकलेसाठी भांडण. मग दुकानदार अक्कल कशाला विकेल? तो वस्तूच विकणार. ज्या धंद्यात निदानाला मोल नाही तिथे निदान होत नाही, एवढा हा साधा हिशेब आहे.

दुसरे बोट यंत्रे बनवणाऱ्यांकडे. त्याच आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीसाठी जे तांत्रिक पुस्तक काढले होते, त्यात यंत्राच्या जोडणीचे आराखडे आणि बायॉसचा सबंध मजकूरसुद्धा छापला होता. घ्या, वाचा, समजून घ्या. आज हजारोंच्या वस्तूबरोबर घडी घातलेला एक कागद मिळतो आणि त्यावर ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ हे वाक्य. आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. चांगलेच झाले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू आहेत. जुनी यंत्रे गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकली आहे. तेही चांगले. पण माझे म्हणणे असे की कचरा कुठे टाकायचा हा दुसरा प्रश्न आहे. जी वस्तू कचरा नाहीच तिला कचरा कोण ठरवतो, हा पहिला. आणि तो निकाल दुकानाच्या टेबलावर एका मिनिटात लागतो.

तिसरे बोट मात्र माझ्याकडे आहे, आणि ते लिहिताना हात जड होतो.

आठवडाभराने मी त्या दुकानात पुन्हा गेलो. जुनी वापरलेली चार जीबीची पट्टी हवी होती, कारण उरलेल्या दोन जीबीवर यंत्र धापा टाकत होते. झालेले सगळे त्याला सांगितले, वहीतल्या नोंदी दाखवल्या. त्याने त्या मन लावून वाचल्या. खजील झाला असेल, पण चिडला नाही. म्हणाला,

“सर, राग मानू नका, पण आम्हाला हे असं कोणी शिकवलंच नाही. कोर्समध्ये पार्ट बदलायला शिकवलं. आणि शाळेत... तुम्ही इतिहासात ‘कारणे द्या’ हा प्रश्न आला की पाच कारणं फळ्यावर लिहून द्यायचात. आम्ही पाठ करायचो. पाचाला पाच मार्क पडायचे.”

मला उत्तर सुचले नाही. कारण ते खरे होते. ‘कारणे द्या’ म्हणजे कारणे शोधा, पुरावा बघा, एकेक कारण ताडून पाहा असे मी पस्तीस वर्षांत एकदाही म्हटले नव्हते. पोर्शन संपवायचा होता, निकाल लावायचा होता. कारणे मी द्यायचो, ती मुले परत द्यायची. ‘नो डिस्प्ले, कारण द्या’ या प्रश्नाला ‘बोर्ड गेला’ हे त्याने दिलेले उत्तर म्हणजे माझ्याच वर्गातले उत्तर होते. पाठ केलेले, बहुतेक वेळा खपून जाणारे.

आणि संगणक शिक्षण म्हणून आपण शाळांत काय करतो? मॉनिटरला प्लास्टिकचे आवरण, खोलीला कुलूप, ‘हात लावू नका’ अशी पाटी. मुलांना टंकायला शिकवतो, चित्र रंगवायला शिकवतो, सादरीकरण करायला शिकवतो. डबा उघडून कधी दाखवत नाही. प्रत्येक हायस्कुलाच्या अडगळीत बंद पडलेले दोन-चार संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यातला एक आठवीच्या वर्गात टेबलावर ठेवा, वीज न जोडता, एक स्क्रूड्रायव्हर द्या, आणि पोरांना अवयवांची नावे लावायला सांगा. मग चालू असलेल्या एका यंत्राची रॅम शिक्षकाने मुद्दाम काढून ठेवावी आणि मुलांना विचारावे, ‘हे का सुरू होत नाही? कारणे शोधा.’ यासाठी अनुदान लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही. एक तास लागतो.

एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. ‘अहो, तेरा वर्षांचे यंत्र! विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतनेसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आज ना उद्या टाकायचेच होते ना?’ टाकायचे असेल तर टाकीन. पण माझ्या वेळेला, माझ्या निर्णयाने, आणि आतले काढून घेऊन टाकीन. खोट्या मृत्यूच्या दाखल्यावर नव्हे. म्हातारे झाले म्हणून न तपासता कोणाला मृत ठरवू नये, हा नियम मला माझ्या वयात फारच पटतो.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आहेत. दुकानदारांनो, ‘बोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी काय काय तपासले ते चार ओळींत लिहून द्या: मॉनिटर, वायर, रॅम एकेक करून, एसएमपीएस बदलून. हे लिहिता आले नाही तर तो शब्द उच्चारू नका. आणि पडद्यावर अक्षर उमटत नसताना फॉरमॅटचे नावही काढू नका. गिऱ्हाइकांनो, त्या चार ओळींचे पैसे न कुरकुरता द्या, आणि यंत्र दुकानात नेताना डिस्कचे काय करणार ते आधी विचारा. शिक्षकांनो, फळ्यावर कारणे लिहून देऊ नका. आणि सगळ्यांनी, माझ्यासारख्या शहाण्यांनी तर विशेष करून, आजच्या आज दुसरी प्रत काढून ठेवा. आईच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत तात्यांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत.

त्या मुलाला पट्टीचे सहाशे दिले आणि वर तीनशे ठेवले. “हे कशाचे, सर?” म्हणाला. म्हटले, “बसव आणि माझ्यासमोर तपासून दे. तपासणीचे.” त्याने यंत्र उघडले, दोन्ही पट्ट्या आलटून पालटून दोन्ही खाचांत लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी एक छोटी पीं झाली. चाळीस मिनिटे गेली. मध्ये दोन गिऱ्हाइके येऊन ताटकळली, त्यांना त्याने “थांबा जरा, तपासतोय” असे सांगितले.

पैसे मात्र घेईना. शेवटी मी रागावलो तेव्हा घेतले.